फुलवालीची शिवी आणि फुलवालीचे कपडे

येथील मराठी मंडळाच्या वाचनवर्गात गेल्या हिवाळ्यात शॉचे 'पिग्मॅलियन' वाचावयास घेतले होते. पाच अंकांना पाच रविवार लागले. मंडळी बहुतेक सरकारी नोकरीतली. कोणी लेखापरीक्षणातले, कोणी टपालखात्यातले, कोणी रेल्वेतले. चर्चा चांगली रंगली, आणि पाचही रविवार ती एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली. ती गोष्ट म्हणजे उच्चार. हिगिन्स हा ध्वनिशास्त्रज्ञ, एलायझा ही कॉव्हेंट गार्डनमधली फुलवाली. तिची बोली तो काही महिन्यांत शुद्ध करतो आणि पैजेप्रमाणे तिला उमराव घराण्यातली स्त्री म्हणून खपवतो. तेव्हा नाटकाचा विषय शुद्ध भाषा, असा एकंदर निर्णय झाला. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' (१९७५) बहुतेकांच्या कानात होतीच, त्यामुळे ह्या निर्णयास कोणी हरकत घेतली नाही. महाराष्ट्राबाहेर राहून मुलांचे 'ण' आणि 'ळ' सांभाळण्यात ज्यांची वर्षे चालली आहेत, त्यांना ह्या नाटकात उच्चारच दिसावेत हे स्वाभाविकही आहे.

आम्हांस मात्र हा निर्णय पटला नाही, आणि त्याचे कारण नाटकातच आहे. ज्या एका क्षणासाठी हे नाटक गाजले, तो तिसऱ्या अंकातला क्षण येतो तेव्हा एलायझाचे उच्चार निर्दोष झालेले असतात. ती एकही स्वर चुकत नाही. तरीही दिवाणखाना हादरतो. उच्चार सुधारल्यावरही जे हादरे देते ते उच्चाराहून वेगळे काहीतरी असले पाहिजे. आमच्या मते शॉने ह्या नाटकात दोन गोष्टींचा हिशेब मांडला आहे: इंग्रजाच्या तोंडातली शिवी आणि इंग्रजाच्या अंगावरचा पोषाख. ह्या दोन गोष्टी इंग्रजी समाजात एकाच वहीत नोंदल्या जातात, आणि त्या वहीवर नीती हे नाव घातलेले असले तरी आत हुद्दा लिहिलेला असतो.

दुसऱ्या अंकातला एक लहानसा प्रवेश पाहावा. वाचनवर्गात तो हसून सोडून देण्यात आला होता. हिगिन्सच्या घरची व्यवस्था पाहणारी मिसेस पिअर्स त्याला बाजूस घेऊन विनंती करते की, आता घरात मुलगी राहावयास आली आहे, तेव्हा तिच्यासमोर शिव्या देऊ नयेत. आपण शिव्या देतच नाही, असे हिगिन्स मोठ्या विश्वासाने सांगतो. त्यावर ती बाई अत्यंत सभ्यपणे, तो शब्द स्वतः न उच्चारता केवळ त्याचे आद्याक्षर सूचित करून सांगते की, आजच सकाळी आपण तो शब्द बुटांना, लोण्याला आणि तपकिरी पावाला लावला होता. इंग्रजीत ही तिन्ही नावे त्याच अक्षराने सुरू होतात. हिगिन्स म्हणतो, तो नुसता अनुप्रास होता. आणि लगेच, जवळजवळ त्याच श्वासात, ती दुसरी विनंती करते: न्याहारीला घरगुती झग्यात येऊ नये, निदान त्या झग्याला हात तरी पुसू नयेत. शिवी आणि झगा एकापाठोपाठ एक येतात, आणि दोहोंची राखणदार एकच: धड मालकही नव्हे आणि धड मोलकरीणही नव्हे अशी मधल्या पायरीवरची बाई. मालकाला ही काळजी नाही, कारण त्याचे स्थान पक्के आहे. फुलवालीला नाही, कारण तिला गमवावयास काही नाही. काळजी आहे ती मधल्या पायरीला.

ही जोडी शॉने शोधून काढली असे मात्र नाही. ती इंग्रजांच्या घरात फार दिवसांपासून आहे. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात (हे १५९८ साली छापले गेले) हॉटस्पर नावाचा एक रगेल सरदार आपल्या पत्नीची थट्टा करतो. तिच्या तोंडून एक मिळमिळीत आणभाक निघालेली असते. मिठाईवाल्याच्या बायकोसारखी शपथ काय घेतेस, असे तो तिला म्हणतो. उमरावाच्या स्त्रीला शोभेल अशी तोंडभरून शपथ घे, आणि असले गुळगुळीत शब्द रविवारी मखमलीच्या किनारीचे कपडे घालून मिरवणाऱ्या शहरी मंडळींसाठी ठेव, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. शॉच्या आधी तीनशे वर्षे मिसेस पिअर्सच्या पायरीवरचे लोक इथे दिसतात: ठेवणीतला पोषाख आणि ठेवणीतली भाषा. त्यांच्या वरचा मोकळा, खालचाही मोकळा.

त्या काळी पोषाखाचा हुद्दा नुसत्या संकेतावर सोडलेला नव्हता. एलिझाबेथ राणीच्या १५७४ च्या जाहीरनाम्यात कोणी कोणते कापड वापरावे ह्याची तपशीलवार यादी आहे; सोनेरी जरीचे कापड आणि जांभळे रेशीम राजघराण्यापुरते व अगदी वरच्या उमरावांपुरते राखून ठेवलेले होते. हे पोषाखाचे कायदे १६०४ साली रद्द झाले. आणि दोनच वर्षांनी, १६०६ साली, रंगभूमीवर देवाच्या नावाची उथळ शपथ घेणाऱ्यास दहा पौंड दंड सांगणारा कायदा आला. एकामुळे दुसरा आला असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कापडावरची नजर निघाली आणि लगोलग जिभेवर बसली, हा योगायोग मोठा बोलका आहे. 'ऑथेल्लो'ची १६२२ ची सुटी आवृत्ती आणि १६२३ च्या मोठ्या संग्रहातली तीच संहिता शेजारी ठेवून पाहिली, तर पहिलीत असलेल्या ख्रिस्ताच्या रक्ताच्या आणि जखमांच्या शपथा दुसरीत पुसून टाकलेल्या दिसतात. खलनायक इयागोच्या तोंडचेसुद्धा हे शब्द काढले गेले. खून करावयास हरकत नाही, शपथ नको!

पुढे १७४५ साली जो कायदा झाला तो आम्हां कारकून मंडळींना विशेष आवडावा असा आहे, कारण त्यात श्रेणीनिहाय दरपत्रक आहे. मोलमजूर, साधा शिपाई व खलाशी यांनी शिवी दिल्यास एक शिलिंग. त्यांच्या वरचा परंतु 'जंटलमन' ह्या दर्जाच्या खालचा असल्यास दोन शिलिंग. जंटलमन व त्याहून वरचा असल्यास पाच शिलिंग. दुसऱ्या खेपेस दुप्पट, तिसऱ्या खेपेस तिप्पट. शिपायाजवळ दंड भरावयास पैसे नसतील तर तासभर लाकडी खोड्यात पाय अडकवून बसणे. हा कायदा दर तीन महिन्यांनी चर्चमध्ये वाचून दाखवावा अशी आज्ञा होती, आणि तो पुस्तकातून कायमचा निघाला तो १९६७ साली. शब्द तोच, देव तोच, पाप तेच. पण रक्कम हुद्द्यावर! आमच्याकडील प्रवासभत्त्याच्या नियमांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आता, वरच्याला दंड अधिक आहे तेव्हा कायदा वरच्यावर कठोर आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मजुराला एक शिलिंग म्हणजे दिवसाच्या रोजीसारखे होते, आणि जंटलमनला पाच शिलिंग म्हणजे फार तर एका चांगल्या जेवणाचे बिल. शिवाय शिवी दिल्यावर आधी अंगावरचा कोट पाहावयाचा आणि मग गुन्ह्याची किंमत ठरवावयाची, ही पद्धत त्या कायद्याने रुजू केली.

ज्या शब्दाने १९१४ साली गहजब झाला, त्या 'ब्लडी' शब्दाची कुंडलीही पाहण्यासारखी आहे. तो जन्मतः गटारातला नव्हे. जोनाथन स्विफ्ट हा धर्मोपदेशक १७११ साली आपल्या परिचयाच्या स्त्रियांना लिहिलेल्या पत्रांत चालताना उन्हाचा त्रास झाल्याचे सांगताना तो बिनदिक्कत वापरतो, आणि त्यात काही गैर आहे असे त्याला वाटलेले दिसत नाही. पुढील दीडशे वर्षांत तो शब्द पायऱ्या उतरत उतरत गल्लीत गेला आणि तेथे गेल्यावर अनुच्चारणीय झाला. इंग्रजी पोषाखातही अगदी असेच घडले आहे. अठराव्या शतकातल्या उमरावाची गुडघ्यापर्यंतची विजार आणि पावडर लावलेला केसांचा टोप एकोणिसाव्या शतकात त्याच्या दारावरच्या चाकराच्या अंगावर आले. संध्याकाळच्या मेजवानीला जो शेपटीचा काळा कोट पाहुण्याच्या अंगावर, तोच वाढप्याच्या अंगावर. ह्या पोषाखात मोठेपणा कापडात कधीच नव्हता. तो कोण कोणाला घालतो ह्यात होता. शब्दाचेही तेच.

एकोणिसाव्या शतकात तर दोन्ही वह्या एकमेकींत मिसळून गेल्या. सभ्य घरांत विजारीचे नाव घेणे अप्रशस्त झाले, आणि तिला 'इनएक्स्प्रेसिबल्स', म्हणजे 'ज्यांचा उच्चार करवत नाही ती वस्त्रे', असे म्हणू लागले. पोषाखाचीच शिवी झाली! अर्थात् हे नाव थट्टेत अधिक आणि गांभीर्याने कमी वापरले गेले असावे. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'पिनाफोर' ह्या १८७८ च्या संगीतिकेत एका युद्धनौकेचा कप्तान आपण मोठ्या 'डी' अक्षराची शिवी सहसा देत नसल्याची फुशारकी मारतो, आणि पुढे नेमक्या वेळी ती त्याच्या तोंडून निसटते. वरिष्ठ ऐकतात, व कप्तानाची रवानगी त्याच्या केबिनमध्ये होते. अखेरीस तो आणि एक साधा खलाशी यांची लहानपणीच अदलाबदल झाली होती असे उघडकीस येते, आणि दोघे एकमेकांचा गणवेष चढवून रंगमंचावर येतात. प्रेक्षक पोट धरून हसतात. परंतु त्या हसण्याच्या तळाशी जी भीती आहे ती खरी आहे. शिवी तोंडातून गेली की कोट अंगावरून जाईल.

ह्या सर्व पार्श्वभूमीवर ११ एप्रिल १९१४ ची रात्र समजते. लंडनचे हिज मॅजेस्टीज थिएटर. हिगिन्सच्या भूमिकेत हर्बर्ट बीरबोम ट्री. अठरा-वीस वर्षांच्या फुलवालीच्या भूमिकेत मिसेस पॅट्रिक कॅम्बेल, वय एकोणपन्नास. (आपल्या रंगभूमीवरही हा प्रकार अपरिचित नाही.) नाटक त्यापूर्वी, १९१३ मध्ये, व्हिएन्नात जर्मन भाषेत होऊन गेले होते, आणि त्या शब्दाची खरी गंमत जर्मनमध्ये येणे शक्य नव्हते. लंडनमध्ये नाटकांची तपासणी करणाऱ्या लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीने तो शब्द न छाटता परवानगी दिली होती. तिसऱ्या अंकात हिगिन्सच्या आईचा दिवाणखाना. एलायझा उत्तम शिवलेल्या पोषाखात येते, हवामानावर बोलते, मग मावशीच्या मृत्यूवर घसरते. ती मावशी इन्फ्लुएन्झाने मेली की कोणी मारली, तिला दारू कशी पाजत, हे सारे निर्दोष उच्चारांत! निघताना फ्रेडी नावाचा तरुण विचारतो, बागेतून पायी जाणार काय? आणि ती तो शब्द घालून नकार देते, आणि टॅक्सीने जाणार म्हणून सांगते. प्रेक्षागृहातला हशा कितीतरी वेळ थांबेना. वृत्तपत्रांना दिवसेंदिवस विषय मिळाला. पुढे कित्येक वर्षे लोक त्या शब्दाऐवजी नाटकाचेच नाव विशेषण म्हणून वापरू लागले, म्हणजे ते नावच सोवळ्यातली शिवी झाले.

परंतु शॉचे खरे कसब त्या शब्दात नाही, त्याच्या नंतरच्या दोन मिनिटांत आहे, आणि टीकाकारांनी त्याकडे पाहिजे तितके लक्ष दिलेले आम्हांस आढळले नाही. एलायझा गेल्यावर हिगिन्स सर्वांना पटवून देतो की, ही बोलण्याची नवी तऱ्हा आहे. फ्रेडीची बहीण क्लारा हिला ते लगेच पटते. हे घराणे खानदानी परंतु पैशाने खंगलेले. त्यांना मेजवान्यांची निमंत्रणे फारशी येत नाहीत, आणि नवी तऱ्हा हुकली तर ती आणखी कमी येतील ही धास्ती. क्लारा निघताना तोच शब्द मुद्दाम, सराईतपणाचा आव आणून वापरते. तिच्या आईच्या अंगावर शहारा येतो. म्हणजे पाहा: पाच मिनिटांपूर्वी जो शब्द गटारातला होता, तो एका सुंदर पोषाखाच्या आतून बाहेर पडताच दिवाणखान्याची चाल झाला. शब्द धुतला कोणी? शिंपिणीने. हिगिन्सची आई हे ओळखून आहे. मुलगी म्हणजे तुझ्या कलेचा आणि तिच्या शिंपिणीच्या कलेचा विजय आहे, पण तिचे प्रत्येक वाक्य तिला उघडे पाडते, अशा अर्थाचे ती मुलाला सुनावते. आणि तेथेच बसलेला कर्नल पिकरिंग, जो हिंदुस्थानात राहून इकडल्या भाषांचा अभ्यास करून परतला आहे, तो म्हणतो की मी बरीच वर्षे बाहेर होतो, आता सभ्य जेवणाच्या मेजावर बसलो आहे की जहाजावरच्या खलाशांत, हेच मला कळेनासे झाले आहे. बदलीवर राहिलेल्या मनुष्याची ही अडचण आम्हांस फार जवळची वाटली. सुट्टीवर पुण्याला गेल्यावर पुतण्यांचे बोलणे ऐकून आमचीही हीच स्थिती होते.

शॉला जे नाटकात दिसले ते जॉर्ज ऑर्वेलने वीस वर्षांनी अंगावर घेऊन पाहिले. आपल्याकडील मोतीहारीत १९०३ साली जन्मलेला, ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी राहिलेला हा गृहस्थ लंडनच्या भणंगांत जाऊन राहिला, आणि १९३३ साली त्याने 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' हे पुस्तक लिहिले. त्यात तो आपले बरे कपडे जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन मळकट कपडे चढवतो, आणि थोड्याच वेळात रस्त्यावरचा एक फेरीवाला त्याला दोस्त म्हणून हाक मारतो. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तसे म्हटलेले असते. हे सारे कपड्यांनी केले, असे त्याचे निदान आहे. त्याच पुस्तकात पुढे शिव्यांवर एक लहानसे प्रकरणवजा टिपण आहे, आणि त्यात आपल्यासाठी एक नवल वाढून ठेवले आहे. उत्तर हिंदुस्थानात राहणाऱ्या आमच्या वाचकांस बहिणीवरून दिली जाणारी ती शिवी सांगावयास नको; बसमध्ये, बाजारात, सरकारी वसाहतीच्या आवारात ती रोज कानी पडते. ऑर्वेल सांगतो की ही शिवी इंग्लंडात 'बार्नशूट' असे रूप घेऊन पोहोचली, आणि तेथे ती केवळ लाडिक थट्टा झाली. इतकेच नव्हे, तर एका ग्रीक नाटकाच्या शालेय आवृत्तीत टीपकाराने ती एका पात्राच्या अगम्य बडबडीचा अर्थ म्हणून सुचवलेली त्याने पाहिली! ज्या शब्दावरून येथे डोकी फुटतात, तो तेथे शाळेच्या पुस्तकात. परका शब्द असल्यामुळे त्यातले विष उतरले, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की ह्याच पुस्तकात ऑर्वेलने लिहिलेल्या कित्येक इंग्रजी शिव्यांच्या जागी मात्र प्रकाशकाने रेघा ओढल्या.

ह्याची उलटी बाजू आम्ही रोज पाहतो. आमच्या ओळखीच्या एका कचेरीत एक साहेब आहेत. बंद गळ्याच्या कोटात असतात, आणि 'ब्लडी' हा शब्द त्यांच्या प्रत्येक टिपणीच्या तोंडी मसुद्यात असतो. त्याचे कोणास काही वाटत नाही. त्याच कचेरीतल्या एका शिपायाच्या तोंडून मातृभाषेतला एक शब्द निसटला तेव्हा त्याच्याकडून लेखी खुलासा घेण्यात आला. खुलाशाचा मसुदा लिहून देण्याचे काम आमच्या एका मित्राकडे आले होते. शब्द न लिहिता शब्दाबद्दल दिलगिरी कशी लिहावी, ह्या विवंचनेत त्याने एक दुपार घालवली. १७४५ चा कायदा वेस्टमिन्स्टरमध्ये रद्द झाला असेल. येथील दरपत्रक अद्याप चालू आहे.

येथे 'ती फुलराणी'कडे वळावयास हवे, कारण आमच्या वाचनवर्गाची दृष्टी तिनेच घडवली आहे. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक ज्यांनी पाहिला ते भाग्यवान. आम्ही पाहिले ते पुढचे प्रयोग आणि ध्वनिचित्रफिती. पुलंनी शॉचे नाटक मराठीत आणताना उच्चाराचा धागा धरला, तो योग्यच होता. आपल्याकडे बोलीवरून माणसाची जात, गाव आणि पत ओळखतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. शॉच्या मूळ नाटकात नसलेले मंजुळेचे दीर्घ स्वगत तर आज मूळ नाटकाहूनही आपल्याकडे अधिक परिचित आहे, आणि त्यातला संताप शॉच्या एलायझाहून अधिक गरम रक्ताचा आहे. हा लाभ मोठा आहे. परंतु तो एक शब्द मात्र पलीकडेच राहिला, आणि तो कोणालाच आणता आला नसता असे आमचे मत आहे. कारण 'ब्लडी' हा शब्द कोणाकडेच बोट दाखवत नाही. त्यात आई नाही, बहीण नाही, जात नाही, जन्म नाही. तो अर्थशून्य असून निषिद्ध आहे. आपली शिवी बहुधा कोणाच्या तरी घरात शिरते. ती अर्थपूर्ण असते म्हणूनच निषिद्ध असते.

कोणी 'च्यायला'चे उदाहरण देईल. ते उदाहरण चांगले आहे. तोही शब्द झिजून झिजून निर्बोट झालेला आहे आणि कोट-टायमधल्या माणसांच्या तोंडीही असतो. पण 'च्यायला' चालतो तो मैत्रीच्या परवान्यावर, पोषाखाच्या नव्हे. समवयस्कांत चालतो, वडिलांसमोर चालत नाही; मग अंगावर काहीही असो. उलट आमच्या आजीच्या पिढीतल्या नऊवारी लुगड्यातल्या सोवळ्या बायका 'मेल्या' आणि 'मुडद्या' ह्या शब्दांची लाखोली दिवसभर वाहत, आणि त्यांच्या सभ्यतेला यत्किंचितही बाध येत नसे. कोकणात तर काही भयंकर शब्द म्हणजे आपुलकीची पावती असते. हा हिशेब वय, नाते आणि गाव यांचा आहे. म्हणून १९१४ च्या त्या दिवाणखान्यातली शांतता मराठी रंगमंचावर उतरत नाही. प्रेक्षक हसतो, पण घाबरत नाही. हिगिन्सच्या आईकडचे पाहुणे आधी घाबरले होते.

इंग्लंडातही ती भीती पुढे सरली. 'पिग्मॅलियन'वरून झालेल्या 'माय फेअर लेडी' ह्या संगीतिकेत (१९५६) दिवाणखान्याऐवजी ॲस्कॉटची घोड्यांची शर्यत आली. सेसिल बीटनने तेथे सर्वांना केवळ काळ्या-पांढऱ्या-राखी छटांचे पोषाख दिले. ते दृश्य चित्रपटातून (१९६४) सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु शॉचा शब्द तेथे चालेना. तो तोवर बोथट झाला होता. लेखकांना घोड्याला उद्देशून दुसरा, अधिक जाड शब्द घालावा लागला. चार वर्षांनी, १९६० साली, 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ह्या कादंबरीवर लंडनमध्ये खटला झाला. सरकारी वकिलाने पुस्तकातले अप्रशस्त शब्द मोजून त्यांची संख्या सांगितली, आणि ज्यूरीला विचारले की हे पुस्तक आपल्या पत्नीने वा चाकरांनी वाचावे असे आपणांस वाटेल काय? शब्द मोजणारा वकील टोप आणि झग्यात उभा होता, आणि त्याला काळजी चाकरांची होती! ज्यूरीने प्रकाशकांना निर्दोष सोडले. आपल्याकडे त्याच कादंबरीच्या विक्रीबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली. रंगभूमीवरची लॉर्ड चेंबरलेनची तपासणी १९६८ साली संपली. तत्पूर्वी, १९६५ च्या नोव्हेंबरात, केनेथ टायनन ह्या नाट्यसमीक्षकाने बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर सर्वांत निषिद्ध मानला जाणारा शब्द बोलता बोलता उच्चारला, आणि पार्लमेंटात निषेधाचे ठराव मांडले गेले. आज तेथील प्रसारण-नियामक संस्था ऑफकॉम लोकांना विचारून शब्दांची प्रतवारी लावते, तीत 'ब्लडी' अगदी सौम्य वर्गात आहे. वंशावरून हिणवणारे शब्द सर्वांत वर आहेत. म्हणजे बोट दाखवणारी शिवी तेथे आता अधिक वाईट ठरली, आणि ह्या बाबतीत इंग्रज आपल्या जवळ आला म्हणावयास हरकत नाही. ॲस्कॉटच्या राजेशाही आवारात मात्र पुरुषांना उंच टोपी आणि लांब कोट अजूनही लागतोच. शब्द सुटला, कोट सुटला नाही.

म्हणूनच आम्हांस नाटकाचा तिसरा नव्हे, चौथा अंक अधिक महत्त्वाचा वाटतो. पैज जिंकलेली आहे. मध्यरात्र. हिगिन्स घरगुती जाकीट चढवून, झाला एकदाचा कंटाळवाणा प्रकार, अशा सुरात बोलतो आहे. एलायझा मेजवानीच्या पोषाखात आहे आणि तिच्याशी कोणी बोलत नाही. तिने त्याच्या सपाता त्याच्याच अंगावर फेकल्यानंतर, भांडणाच्या ओघात, ती एक साधा प्रश्न विचारते: माझे कपडे माझे आहेत की कर्नल पिकरिंगचे? त्या प्रश्नाने हिगिन्स गोंधळतो. ती समजावून सांगते की उद्या माझ्यावर चोरीचा आळ यावयास नको. आमच्या कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर ती डेड स्टॉक रजिस्टर मागते आहे: कोणती वस्तू कोणाच्या नावे? जुने कपडे तर आल्या दिवशीच जाळून टाकावयास सांगितलेले. बोली गेली, कपडे गेले. नवी बोली हिगिन्सची, नवे कपडे पिकरिंगचे. दागिने तर भाड्याचेच, ते ती उतरवून त्याच्या हवाली करते. ब्रायटनला त्याने घेऊन दिलेली अंगठीही परत करते, आणि तो ती रागाने चुलाण्यात फेकतो.

उच्चारावर बोलणाऱ्या आमच्या मंडळींनी ह्या प्रवेशात एलायझा कशी बोलते ते ऐकावे. एवढ्या भांडणात तिच्या तोंडून एकही वावगा शब्द नाही. जो शब्द दिवाणखान्यात सहज निसटला होता, तो आता सर्वांत अधिक हक्क असताना तिला सापडत नाही, किंवा ती तो वापरीत नाही. पुढच्या अंकात ती सर्वांसमोर सांगतेच की, शिव्या देणे आणि मनाचा तोल सोडणे एवढेच हिगिन्सकडून शिकता आले असते; सभ्यपणा मी कर्नल पिकरिंगकडून शिकले, ज्यांनी मला पहिल्याच दिवशी 'मिस डूलिटल' म्हटले. तिचा बाप, कालपर्यंतचा कचरेवाला, त्याच अंकात लांब कोट, पांढरी जाकीट आणि झगझगीत रेशमी टोपी घालून येतो, आणि मोलकरीण त्याची वर्दी जंटलमन म्हणून देते. अनपेक्षित पैशाने आपल्याला मध्यमवर्गात ढकलले म्हणून तो बिचारा रडकुंडीस आला आहे. त्याच्यासारखे दुःख करण्याचीही एलायझाला सोय नाही, कारण तिच्याजवळ पैसाही नाही.

चौथ्या अंकाच्या शेवटी हिगिन्स खोलीबाहेर जातो तो सर्वांच्या नावाने 'डॅम' करीत: मिसेस पिअर्स, कॉफी, एलायझा आणि आपला स्वतःचा मूर्खपणा. दार आपटते. रंगमंचावर एकटी राहिलेली एलायझा, अंगावर तो कोणाच्या नावे आहे हे न ठरलेला पोषाख, गुडघे टेकून चुलाण्यापुढे बसते आणि अंगठी शोधू लागते.